व्हर्जिनिया विधानसभा: जूनच्या मतपत्रिकेवर आमच्या डेलिगेटची लढतच नाही, असं कसं?

काठावरचा:

जून २०२५ च्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची, नमुना मतपत्रिका समोर ठेवून विचारतोय. डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर लेफ्टनंट गव्हर्नर आणि अॅटर्नी जनरल ही दोन पदं आहेत. गव्हर्नरपदाचा पत्ता नाही आणि आमच्या मतदारसंघाचा हाउस ऑफ डेलिगेट्सचा (राज्याच्या खालच्या सभागृहाचा) उमेदवारही नाही. रिपब्लिकन मतपत्रिका तर आमच्याकडे छापलेलीच नव्हती. नोव्हेंबरात मात्र दोन्ही पक्षांचे उमेदवार हजर! मग हे ठरले कुठे?

आणखी तीन शंका:

१. प्रायमरीत एका पक्षाची मतपत्रिका मागितली की आपल्यावर त्या पक्षाचा शिक्का बसतो का? नोव्हेंबरात दुसऱ्याला मत देता येतं का?

२. ओळखीतल्या एकांना २०२७ मध्ये डेलिगेटसाठी उभं राहायचं आहे. १२५ सह्या लागतात असं ऐकलं. एवढ्याच? आणि त्या फेटाळल्या जातात म्हणजे नक्की काय होतं?

३. प्रायमरीत हरलं तर अपक्ष लढता येतं का? आपल्याकडे बंडखोरी हा राष्ट्रीय खेळ आहे, म्हणून विचारतोय.

शाईचं_बोट:

आधी मुख्य प्रश्न. व्हर्जिनियात एखाद्या पदासाठी पक्षाकडे एकच अर्ज आला, तर त्या पदाची प्रायमरी रद्द होते आणि तो उमेदवार थेट नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर जातो. जूनमध्ये त्याचं नाव छापतच नाहीत. २०२५ मध्ये डेमोक्रॅट स्पॅनबर्गर आणि रिपब्लिकन अर्ल-सिअर्स दोघी आपापल्या पक्षात एकट्याच उरल्या, म्हणून गव्हर्नरपद दिसलं नाही. राज्यपातळीच्या तिन्ही पदांवर रिपब्लिकनांकडे एकेकच उमेदवार होता. खाली डेलिगेटसाठीही चुरस नसेल तिथे रिपब्लिकन मतपत्रिका छापायचं कारणच नव्हतं.

दुसरी शक्यता म्हणजे पक्षाने प्रायमरी घेतलीच नाही. इथे उमेदवार निवडण्याची पद्धत पक्षाची मतदारसंघ समिती ठरवते: सरकारी प्रायमरी, अधिवेशन, किंवा पक्षाने स्वतःच्या खर्चाने घेतलेलं मतदान, ज्याला इथे ‘फायरहाउस प्रायमरी’ म्हणतात. शेवटच्या प्रकारात केंद्रं कमी, वेळ थोडा आणि सरकारी संकेतस्थळावर सहसा माहिती नाही. ज्याला पक्षाचे ईमेल येत नाहीत त्याला ते होऊन गेल्यावर कळतं. पूर्वी पद्धत निवडण्याचा हक्क बऱ्याचदा विद्यमान आमदाराकडे असायचा, म्हणजे परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढायची. २०१९ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. शिवाय सैनिक, बाहेरगावचे विद्यार्थी, अपंग अशांना घरून भाग घेता येईल अशीच पद्धत हवी, असा कायदा २०२४ पासून लागू आहे. त्यामुळे अधिवेशनांची सोय बरीच आटली.

शिक्क्याबद्दल: व्हर्जिनियात मतदार नोंदणीत पक्ष लिहितच नाहीत. जूनमध्ये दोन्ही पक्षांच्या प्रायमरी असतील तर टेबलावर विचारतात, कुठली हवी? एकच मिळते, दोन्ही नाही. नोव्हेंबरात कुणालाही मत द्या. पण तुम्ही कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत भाग घेतलात ही नोंद राहते आणि ती यादी पक्षांना, उमेदवारांना मिळते. मत कुणाला दिलं हे गुप्त, मतपत्रिका कुठली घेतली हे नाही. नंतर घरी कुणाची पत्रकं येऊन पडतात त्याचं उगमस्थान बऱ्याचदा हीच यादी असते.

घरात १७ वर्षांचं कुणी नागरिक असेल आणि नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत १८ पूर्ण होत असतील, तर त्याला नोंदणी करून जूनमध्ये मत देता येतं. हे फार जणांना माहीत नसतं.

मोजणी_टेबल:

उमेदवारीबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे लोक मतांनी कमी आणि कागदांनी जास्त पडतात.

डेलिगेटसाठी १२५ आणि राज्य सिनेटसाठी २५० सह्या. सगळ्या त्याच मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या. गोळा करायला निवडणुकीच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सुरुवात करता येते, म्हणजे ऐन थंडीत. १२५ लागतात म्हणून १३० घेऊन थांबणारा माणूस अडचणीत येणार हे धरून चाला. दीडपट तर हव्यातच, दुप्पट असतील तर झोप लागते.

सही बाद होण्याचं सर्वांत मोठं कारण मतदारसंघ. २०२१ च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नवे नकाशे मंजूर केले, आणि रेषा अशा फिरल्या आहेत की रस्त्याच्या अलीकडचं घर एका मतदारसंघात, पलीकडचं दुसऱ्यात. किराणा दुकानाबाहेर किंवा मेळ्यात उभं राहून घेतलेल्या सह्यांत असे ‘पलीकडचे’ भरपूर निघतात. मतदार यादी हातात घेऊन दारोदार गेलात तर दिवसाला सह्या कमी होतील, पण टिकतील. नंतरची कारणं: सही करणारा नोंदणीकृतच नाही, नाव वाचता येत नाही, घराच्या पत्त्याऐवजी पोस्टाची पेटी, किंवा घर बदललं आणि नोंदणी जुन्याच पत्त्यावर. सहीसमोर तारीख तिथल्या तिथे घालून घ्या.

पण एकेक सही बाद होणं परवडतं, अख्खा कागद बाद होणं नाही. पिटिशनचा, म्हणजे सह्यांचा, फॉर्म दोन्ही बाजूंनी एकाच कागदावर छापलेला हवा. दोन वेगळे कागद पिन मारून चालत नाहीत. वर उमेदवाराचं नाव, पत्ता, पद आणि मतदारसंघ आधी भरून मगच सह्या घ्यायच्या, उलटं नाही. मागच्या बाजूला, ज्याने सह्या गोळा केल्या त्यानेच नोटरीसमोर प्रतिज्ञापत्रावर सही करायची. एका कागदावर दोघांनी सह्या गोळा केल्या आणि प्रतिज्ञा एकानेच केली, तर ती प्रतिज्ञा खोटी ठरते. म्हणून दर स्वयंसेवकाला वेगळा कागद द्या. नोटरी झाल्यावर त्या कागदावर एकही नवी सही नको.

फी वर्षाच्या पगाराच्या २ टक्के. डेलिगेटचा पगार १७,६४० डॉलर, म्हणून ३५२.८० डॉलर. सिनेटला १८,००० वर ३६०. पावती अर्जाला जोडायची. प्रायमरीचे अर्ज मतदानाच्या आधीच्या ९२ व्या दिवशी दुपारी १२ पासून ७५ व्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत. २०२५ मध्ये ते १७ मार्च ते ३ एप्रिल असं आलं. प्रायमरीत नावांचा क्रम अर्ज आधी कुणाचा आला त्यावर ठरतो, म्हणून पहिल्या दिवशी बाराच्या ठोक्याला रांगा दिसतात.

अर्ज कुठे? इथे नवखे हमखास चुकतात. उमेदवारीचा अर्ज आणि सह्या पक्षाच्या त्या मतदारसंघाच्या अध्यक्षाकडे द्यायच्या. पात्रतेचं प्रमाणपत्र आणि आर्थिक हितसंबंधांचं विवरण मात्र राज्याच्या निवडणूक विभागाकडे. दोन खिडक्या आहेत, आणि एकीची पोच मिळाली म्हणजे दुसरीचं काम झालं असं नाही. शिवाय पक्षानेही आपला उमेदवार वेळेत कळवावा लागतो. हा त्यांचा ए-बी फॉर्म समजा.

२०१९ मध्ये निक फ्रायटस या विद्यमान रिपब्लिकन डेलिगेटचे असेच फॉर्म वेळेत पोचले नाहीत. स्वतः निवडून आलेला माणूस, पक्षात विरोधक नाही, मतदारसंघ भक्कम, आणि नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर नाव नाही! ते राइट-इन लढले, म्हणजे मतदारांनी त्यांचं नाव हाताने लिहायचं, आणि निवडूनही आले. पण असा मतदारसंघ आणि तेवढा पैसा प्रत्येकाकडे नसतो.

रिचमंडवारी:

बंडखोरीचं उत्तर: नाही. प्रायमरीचा अर्ज भरतानाच लिहून द्यावं लागतं की हरलो तर त्याच पदासाठी नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर माझं नाव छापू नये. आणि जे अपक्ष म्हणून लढणार त्यांच्या अर्जाची मुदत प्रायमरीच्याच दिवशी संध्याकाळी ७ ला संपते, म्हणजे मतदानकेंद्रं बंद होतात त्याच मिनिटाला. निकाल बघून उडी मारायची सोयच ठेवलेली नाही. उरतं फक्त राइट-इन, तेही नोव्हेंबरात. प्रायमरीत राइट-इनची जागाच नसते.

मोजणी_टेबल यांनी कागदांवर भर दिलाय तो बरोबरच, पण ‘लोक मतांनी कमी आणि कागदांनी जास्त पडतात’ हे मात्र मान्य नाही. जून २०२३ बघा. नव्या नकाशांनंतरची ती पहिली सिनेट निवडणूक. चॅप पीटरसन, जॉर्ज बार्कर, जो मॉरिसी हे तीन विद्यमान डेमोक्रॅट सिनेटर प्रायमरीत पडले, आणि रिपब्लिकनांकडे अमांडा चेस. लुईस लुकास आणि लायोनेल स्प्रुइल हे दोन विद्यमान एकाच मतदारसंघात आले, लुकास जिंकल्या. बार्कर यांच्यासारख्यांचं दुखणं एकच: नाव जुनं, पण नव्या मतदारसंघातल्या बहुतेक मतदारांनी त्यांना कधी मतच दिलेलं नव्हतं.

दुसरं, इथे दुसरी फेरी नाही. सर्वांत जास्त मतं, बस्स. चेस यांच्या तिरंगी लढतीत ग्लेन स्टर्टेव्हंट ४० टक्क्यांहून कमी मतांवर जिंकले. २०२५ ला लेफ्टनंट गव्हर्नरसाठी सहा जण होते, आणि हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी २८ टक्क्यांच्या आत राहून उमेदवार झाल्या. (गंमत म्हणजे २०१९ मध्ये स्टर्टेव्हंटना सिनेटमधून घरी पाठवणाऱ्या त्याच.) आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनात काँग्रेससाठीची प्रायमरी साधारण तेवढ्याच टक्क्यांवर जिंकले. राज्य वेगळं, पण गणित हेच. तुमच्या ओळखीतल्यांनी रिंगणात किती जण उतरतात हे बघूनच आपला आकडा मांडावा. सहा जणांत पक्के समर्थक असलेला जिंकतो. दोघांत मात्र समोरच्याचेही मतदार फोडावे लागतात.

शाईचं_बोट:

यात एक भर. प्रायमरी जिंकणारा आणि जागा जिंकणारा एकच असेल असं नाही. फ्रेडरिक्सबर्गजवळचा जुना २८ वा मतदारसंघ घ्या. २०१७ मध्ये रिपब्लिकन बॉब थॉमस फेरमोजणीनंतर ७३ मतांनी जिंकले. मेडिकेडच्या (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) विस्ताराला त्यांनी पाठिंबा दिला, त्यावरून २०१९ च्या प्रायमरीत पॉल मिल्डे यांनी त्यांना पाडलं. नोव्हेंबरात मिल्डे डेमोक्रॅट जोशुआ कोल यांच्याकडून हरले. जूनमध्ये पक्षाचे कट्टर मतदार खूश झाले आणि जागा हातची गेली.

त्याच २०१७ च्या लढतीत १४७ मतदारांना चुकीच्या मतदारसंघाची मतपत्रिका दिली गेली होती. फरक ७३ चा! एकाच प्रीसिंक्टमधून (एका मतदानकेंद्राच्या हद्दीतून) दोन मतदारसंघांची रेषा जाते तिथे हे घडतं. म्हणून मतपत्रिका हातात पडली की गोल काळे करायच्या आधी वर कुठल्या क्रमांकाचा मतदारसंघ छापलाय ते वाचा, आणि घरून निघताना राज्याच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक बघून ठेवा. मतपत्रिका यंत्रात सरकवण्यापूर्वी चूक दाखवली तर बदलून मिळते. यंत्रात गेल्यावर काही नाही.

काठावरचा:

सगळ्यांचे आभार, दोन खिडक्यांचा मुद्दा कळवतो. एक राहिलं. एवढ्या थोड्या मतांचा फरक पडला की फेरमोजणी आपोआप होते का? आणि खूण कशी केली तर मत बाद?

मोजणी_टेबल:

रिचमंडवारी, तुमचा आक्षेप मान्य. २०२३ ने माझं वाक्य खोटं पाडलं.

फेरमोजणी आपोआप होत नाही. हरलेल्याने मागावी लागते, आणि फरक १ टक्का किंवा त्याहून कमी असेल तरच. अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर खर्च मागणाऱ्यावर नाही. अर्ज न्यायालयात जातो आणि तीन न्यायाधीश बसतात. आकडे सहसा फारसे हलत नाहीत. २०२३ मध्ये ८२ व्या मतदारसंघात रिपब्लिकन किम टेलर ७८ मतांनी पुढे होत्या, फेरमोजणीत ५३ वर आल्या, पण जिंकल्या त्याच. डेमोक्रॅट किम्बर्ली पोप अॅडम्स यांनी ती जागा २०२५ मध्ये घेतली. हाउस २०२३ मध्ये ५१ विरुद्ध ४९ ने डेमोक्रॅटांकडे होतं, २०२५ मध्ये ६४ विरुद्ध ३६ झालं.

खुणेचं उदाहरण एकच पुरे, न्यूपोर्ट न्यूजचा ९४ वा मतदारसंघ, २०१७. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डेव्हिड यान्सी १० मतांनी पुढे. फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सिमन्ड्स एका मताने पुढे, ११,६०८ विरुद्ध ११,६०७. दुसऱ्या दिवशी एक मतपत्रिका न्यायाधीशांसमोर आली. तिच्यावर दोघांचेही गोल भरलेले आणि सिमन्ड्स यांच्या गोलावर एक तिरकी रेघ. मतदाराने चूक झाल्यावर ती खोडली, असा अर्थ लावून मत यान्सींना दिलं. ११,६०८ – ११,६०८. मग ४ जानेवारी २०१८ ला दोघांची नावं फिल्मच्या डब्यांत घालून, कलासंग्रहालयातून आणलेल्या वाडग्यात टाकून चिठ्ठी काढली. यान्सींचं नाव निघालं आणि हाउस ५१ विरुद्ध ४९ ने रिपब्लिकनांकडे राहिलं. सिमन्ड्स यांचं निघतं तर ५०–५०.

गोल चुकून भरला तर खोडाखोड करू नका. मतपत्रिका केंद्रातल्या अधिकाऱ्याला परत द्या, ती ‘खराब’ म्हणून बाजूला जाते आणि नवी मिळते. टपालाने मत पाठवत असाल तर वेळेत रजिस्ट्रारच्या (स्थानिक निवडणूक अधिकाऱ्याच्या) कार्यालयाला फोन करून दुसरी मागवा. पोस्टाचा शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा हवा आणि पाकीट तिसऱ्या दिवशी दुपारी १२ च्या आत पोचायला हवं.