बान मी (व्हिएतनामी सँडविच) खायला गेलात का कधी? तुमचे अनुभव लिहा

आम्ही सॅन होजेला राहतो, इथे व्हिएतनामी बेकऱ्या म्हणजे पुण्यात अमृततुल्य तशा. तरी पहिली दोन वर्षं मी आत पाऊल टाकलं नव्हतं, काचेवर सगळं त्यांच्या भाषेत, आत काय मिळतं कुणास ठाऊक. मग ऑफिसातल्या मैत्रिणीने ओढून नेलं. मी मेन्यूकडे बघत उभी, तोवर मागच्या आजी मला ओलांडून पुढे गेल्या, दहा बान मी घेतले, कॅश मोजली आणि बाहेरसुद्धा पडल्या! नंतर कळलं की नाव उच्चारायची गरजच नसते, बोर्डावर नंबर असतात, "तीन नंबर, दोन" एवढं म्हटलं की झालं.

ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी: फ्रेंचांच्या राज्यात तिकडे गेलेला लांबडा पाव, पण त्यांनी तो हलका, वरून कुरकुरीत आणि आत जवळजवळ पोकळ करून टाकला. त्यात पोर्क किंवा चिकन, मेयो, काकडी, कोथिंबिरीच्या अख्ख्या काड्या, हिरवी मिरची आणि गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं. माझा पाव इतका गरम होता की कागदी पिशवीला घाम फुटलेला. गाडीतच खाल्लं, त्याचा चुरा अजून सीटच्या फटीत असणार.

तर तुमचं पहिलं बान मी कुठलं, काय घोळ घातलात, शाकाहारी मंडळी काय खातात, सगळं येऊ द्या.

ह्यूस्टनहून

घोळ म्हणालात म्हणून लिहितो. मी अंडं खातो, बाकी काही नाही. अंड्याचं बान मी सांगितलं, मस्त लागलं, अर्धं संपल्यावर बायको म्हणाली हे तपकिरी काय लावलंय आतून? मला वाटलेलं मसाला बटर. ते लिव्हरचं पाटे होतं, म्हणजे काळीज वाटून केलेली पेस्ट. दुकानाची काही चूक नाही, त्यांच्याकडे पाटे म्हणजे आपल्या वडापावातली चटणी, न सांगता लावतातच.

त्यानंतर एक शब्द पाठ केला: चाय. चहा नव्हे, त्यांच्यात चाय म्हणजे शाकाहारी. बरेच बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला चाय खातात, कडक पाळणारे कांदा-लसूणही सोडतात, त्यामुळे त्या दिवशी टोफूवाल्या बान मीला रांग असते. मी मधल्याच एका मंगळवारी मागितलं तर काउंटरवरच्या काकू म्हणाल्या, आज पौर्णिमा नाहीये. मी म्हटलं आमची रोजच असते. गवती चहा घालून परतलेला टोफू घ्या, आणि फिश सॉस नको हे तरीही सांगा.

डॅलसहून

"आमची रोजच असते" हाहाहा. हे मी आता वापरणार.

मेलबर्नहून

इथे लोक त्याला सरळ पोर्क रोल म्हणतात. 1975 ला व्हिएतनाम युद्ध संपल्यावर जे निर्वासित आले ते फुटस्क्रे, स्प्रिंगवेल, रिचमंड या भागांत वसले, आता दुपारी बाराला बघा, साइटवरचे पिवळ्या जॅकेटवाले कामगार नि शाळेची पोरं सगळे एकाच रांगेत. शिवाय त्याच काचेमागे ऑस्ट्रेलियन मीट पाय आणि लॅमिंग्टनपण (चॉकलेट-खोबऱ्याचे केक) मांडलेले, हे मला फार आवडतं.

माझा किस्सा मिरचीचा. मुलीने विचारलं "चिली?", मी कोल्हापूरचा, छाती काढून म्हटलं एक्स्ट्रा. ती तांबडी बारकी मिरची आपल्या लवंगीची सख्खी बहीण आहे. डोळ्यांतून पाणी, मागचा कामगार न बोलता आपली कोकची बाटली पुढे करतोय. अपमान तो अपमान, पण कोक प्यायलो.

सध्या मुक्काम बंगलोर, गेल्या वर्षी सायगॉन

मूळ गावी खाल्लंय म्हणून भाव खाऊन घेते :) सायगॉनला (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) होआ मा म्हणून दुकान आहे, 1958 पासूनचं. 1954 ला व्हिएतनामची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतून खूप लोक दक्षिणेत आले, हे दुकान काढणारं जोडपंही हनोईचं. आधी ताटात मांस वेगळं, पाव वेगळा असा थाट असायचा. यांनी कामावर पळणाऱ्यांसाठी सगळं पावातच भरून द्यायला सुरुवात केली, असं मानतात. आम्ही मात्र गल्लीत बुटक्या स्टुलावर बसून तव्यातलं खाल्लं, दोन अंडी, मांसाचे काप, कांदा, सगळं चुरचुरत येतं, बाजूला पाव. अंड्याला ते ऑप ला म्हणतात, फ्रेंचचा अपभ्रंश. सकाळीच जा, आम्ही पहिल्या दिवशी दुपारी गेलो तर शटर बंद.

व्हर्जिनियाहून

सासूबाई आल्या होत्या, बेकरीत काहीच खाणार नाही म्हणून बसल्या. मी आइस्ड कॉफी घेतली, तळाला कंडेन्स्ड मिल्क, वरून काळी कडक कॉफी. एक घोट घेऊन म्हणाल्या, "ही तर मिल्कमेडची कॉफी!" आणि ग्लास परत दिलाच नाही. मग हिरव्या वॉफलचा वास आला तर उठून काउंटरपाशी गेल्या, "अगं आंबेमोहोर शिजतोय कुठेतरी." तो पांदानच्या पानाचा वास होता. दोन वॉफल खाल्ले, वर विचारतात यात अंडं नाही ना? मी खोकले.

पुण्याहून

आम्हाला कुठलं नशीब, घरीच करते. साधा पाव लोळागोळा होतो, इराणी बेकरीतला ब्रुन मात्र बरा जमतो, जरा जाडच पडतो पण चालतं. गाजर-मुळ्याच्या काड्या मीठ-साखर लावून पिळून व्हिनेगरमध्ये टाका. आणि आत शिंपडतात तो सॉस मॅगीचा असतो असं वाचून मी नूडल्सचा मसाला भुरभुरला होता, हसू नका! ती वेगळीच काळी बाटली असते, सोया सॉससारखी.

एकच सूचना, मुळ्याचा डबा घट्ट झाकणाचा घ्या. आमच्याकडे नवरा दोन दिवस गॅस एजन्सीला फोन लावत होता.