सहीसाठी रांग

आवडत्या कलाकाराच्या सहीसाठी पैसे मोजणं म्हणजे वेडेपणा, असं बरेच जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, सहीचा दर बहुतेकदा टेबलावरच लावलेला असतो. कोरियन पॉप गायकांच्या सही-भेटीसाठी तर अल्बम घेणाऱ्यांतून सोडत काढतात. माझ्या भाचीने आवडत्या गायकाशी व्हिडिओ कॉलवरच्या दोन मिनिटांसाठी एकच अल्बम चारदा घेतला. (ताईला सांगू नका.) नंबर लागला नाहीच.

आमच्या वेळी नाशिकला कालिदास कलामंदिर नाट्यगृहाच्या मागे कलाकाराची वाट बघत ताटकळायचं, बस्स. एका आवडत्या गायकाला मी तिथेच गाठलं, तर गुळगुळीत फोटोवर बॉलपेन उठेचना! शेवटी त्यांनी हसत तिकिटाच्या पाठीवर सही केली. तेव्हा फोटो नेणार असाल तर पर्मनंट मार्कर न्या, आणि शाई वाळेपर्यंत बोट लावू नका.