नाटकांच्या चित्रीकरणांसाठी हार्ड डिस्क कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवावी? रिकव्हरी पेनड्राइव्हबद्दलही मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवात दरवर्षी गावकरीच नाटक करतात. त्यांची चित्रीकरणं घरोघरी विखुरलेली आहेत. ती २ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय. त्यातले बरेच कलाकार आज हयात नाहीत, म्हणून जपून विचारतो.

फॅट३२ बाद, कारण त्यात ४ जीबीची फाइलसुद्धा मावत नाही आणि अखंड नाटक त्याहून मोठंच असतं. उरले एनटीएफएस आणि एक्सफॅट. माझा लॅपटॉप विंडोज ११ चा, संकलन करणाऱ्या मुलाचा मॅक. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण तिच्यावर काही लिहू देत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं, पण त्यात जर्नलिंग (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवायची सोय) नाही. कॉपी चालू असताना वीज गेली तर फाइलींच्या नोंदी बिघडण्याची भीती जास्त. पावसाळ्यात इथे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि ही डिस्क वेगळ्या अडॅप्टरवर चालते, त्यामुळे लॅपटॉपच्या बॅटरीचा तिला काही आधार नाही.

माझा कल असा: संग्रह एनटीएफएसवर, आणि त्याच डिस्कवर देवाणघेवाणीपुरतं २०० जीबीचं एक्सफॅट पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग). कुणी असं वापरतं का?

दुसरं, विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी लागणारा पेनड्राइव्ह) करताना आख्खा ड्राइव्ह पुसला जातो, म्हणून त्यासाठी ३२ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह घेतलाय. तो मंडळाच्या दुसऱ्या कंपनीच्या डेस्कटॉपलाही चालेल का?

प्रतिसाद:
पार्टिशनची योजना चांगली आहे, मॅकला दोन्ही दिसतील. पण डिस्कच गेली तर दोन्ही पार्टिशनं जातील. संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात ठेवाच. ही गोष्ट फॉरमॅटपेक्षा महत्त्वाची.

रिकव्हरी ड्राइव्ह ज्या मशीनवर केला त्याच्यासाठीच धरा. डेस्कटॉपसाठी मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह करा, ८ जीबीचा पुरतो. दोन्ही पेनड्राइव्हवरून मशीन एकदा बूट (सुरू) करून पाहा. रिकव्हरी ड्राइव्हमध्ये तुमच्या स्वतःच्या फाइली येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा घ्या. लॅपटॉपवर बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आजच कागदावर उतरवा. ती नसेल तर पेनड्राइव्ह असूनही ड्राइव्ह उघडणार नाही.

धागाकर्ता:
आभारी आहे. बिटलॉकर चालू आहे, की उतरवून घेतो. दुसऱ्या डिस्कसाठी समितीकडे आजच शब्द टाकतो.