मुलगी रोज जोरात धावते, तरी वेळ सुधारत नाही

आटपाडीची आई: मुलगी नववीत, वय 14. 1500 मीटर धावते. दिवाळीपासून 5 मिनिटं 32 सेकंदांवर अडकलीय. आठवड्यातले सहा दिवस सर 400 मीटरच्या दहा-दहा फेऱ्या घड्याळ लावून पळवतात. आता उजवी नडगी दुखते. सर म्हणतात, पळता पळता जाईल. काय करू?

दहिवडीचे मास्तर: ताई, आधी नडगी बघा. हाडावरून बोट फिरवा. एकाच जागी दाबल्यावर ती कळवळली, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं आजच बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते. ती पळून जात नाही, वाढते.

आता वेळेचं. मी 28 वर्षं शाळेत खेळ शिकवला आणि पहिली दहा वर्षं हीच चूक केली. पोरं धापा टाकत पडली की वाटायचं, आज सराव झाला. एक फार गुणी मुलगी दहावीआधीच पळणं सोडून गेली. ते आजही मनाला लागून आहे.

1500 मीटरला दमसास लागतो, आणि दमसास सावकाश पळून तयार होतो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड 800 मीटरवाल्या पीटर स्नेललासुद्धा आठवड्याला 160 किलोमीटरच्या आसपास पळवायचे. 1960ला रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने सुवर्ण जिंकलं. (तो आकडा मोठ्यांचा, पोरीवर लादू नका.) आमच्या मोहीची ललिता बाबर आधी मुंबई मॅरेथॉन पळाली, मग स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीला वळली. 2016ला रिओत 9:19.76 वेळ देऊन ती अंतिम फेरीत गेली.

नंतर मी पोरांना माळावर पळता पळता सतराचा पाढा म्हणायला लावायचो. पाढा तुटला की वेग कमी. आठवड्यातून चार दिवस असं, एक दिवस 400च्या पाच-सहा फेऱ्या मधे पुरती विश्रांती देऊन, एक दिवस चढाचं पळणं, एक दिवस पूर्ण सुट्टी. जोराच्या दोन दिवसांच्या मधे एक तरी हलका दिवस हवाच. हाड-स्नायू बळकट होतात ते त्या हलक्या दिवसांत.

पुण्याची धावपटू: काकू, पाळी सुरू होऊन मधेच बंद पडली नाही ना? माझी सात महिने बंद होती आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. खाणं पळण्याच्या मानाने कमी पडत होतं, त्यात हाडाला चीर गेली. तिला एकटीला बसवून विचारा.

आटपाडीची आई: विचारलं. तीन महिने आलेली नाही. बोलली नव्हती मला. नडगीवरही एकाच जागी दुखतंय. उद्या सांगलीला नेते. पण सरांना काय सांगू? जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे.

दहिवडीचे मास्तर: स्पर्धा सोडा, ताई. डॉक्टरांचा कागद घेऊन सरांना स्वतः भेटा, पोरीला एकटीला पाठवू नका. आणि पाळीचंही डॉक्टरांना नक्की सांगा, नुसती नडगी दाखवून परत येऊ नका.