एका ऑर्डरची दुपटी पाच जणींनी शिवायची, तर मजुरी कशी धरायची?

वाकळवेडी, कोपरखैरणे

नमस्कार. तुकडे जोडून गोधड्या शिवायचा मला फार जुना नाद आहे. तुकडे मशीनवर जोडते, पण वरचा धावदोरा हातानेच घालते, त्यात तडजोड नाही. आजवर केलेलं सगळं भाच्यांना, मैत्रिणींच्या नातवंडांना दिलं.

आमच्या आसपास माथाडी कामगारांची घरं पुष्कळ. पाटण, जावळी, जुन्नरकडून आलेल्या बायका. बऱ्याच जणींना वाकळ, म्हणजे गावाकडची गोधडी, शिवता येते, पण इथल्या खोलीत ती अंथरायची कुठे? मग मी माझ्या हॉलमधला टीपॉय सरकवला आणि दुपारी चौघी यायला लागल्या. त्यातल्या एक मावशी सत्तरीच्या आहेत. त्या कशा शिवतात ते जरा सविस्तर सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच निघालाय. टाचण्या नाहीत, कच्चा दोरा नाही. कोपऱ्यावर कड आत मुडपतात आणि काठाकाठाने निघतात, चौकोनाच्या आत चौकोन करत मध्यापर्यंत. डावा तळवा कापडावर सपाट ठेवून ढिलाई सुईच्या पुढे सारत नेतात, त्यामुळे चुणी कुठेच साठत नाही. सुईवर चार-पाच टाके भरायचे आणि मग एकदम दोरा ओढायचा. उलटून बघितलं तरी मागचा टाका पुढच्याएवढाच.

आता ठाण्याच्या एक ताई बारशाच्या भेटवस्तूंच्या टोपल्या करून विकतात. त्यांनी माझं एक दुपटं पाहिलं आणि तीस मागितली. माप ३६ बाय ४२ इंच, तीन थर: वर तुकडे, मध्ये जुनं मऊ सुती पातळ, खाली मलमल. एकटीने होणारं काम नाही. आम्ही पाच जणी करू, पण मजुरीवर घोडं अडलंय. नगावर पैसे दिले तर दाट शिवणारीला आणि विरळ शिवणारीला सारखेच. तासावर द्यावेत तर मावशींचा हात आता संथ चालतो, आणि घड्याळ लावून त्यांना बसवणं माझ्याने होणार नाही. त्यांचा टाका आमच्यात सगळ्यांत सरस आहे.

दुसरं म्हणजे, मला हे एका ऑर्डरपुरतं नकोय. कापड एकत्र आणावं, एखादीचं मशीन बिघडलं तर दुसरीने दोन दिवस आपलं द्यावं, एखादी आजारी पडली तर तिच्या वाटचं काम बाकीच्यांनी उचलावं, असं काही उभं राहावं असं फार वाटतं. बचत गट काढावा का? चौघींपैकी दोघी आधीच एका गटात आहेत. यापूर्वी एका दुकानात ‘विकलं की पैसे’ या बोलीवर काही गोधड्या ठेवल्या होत्या. पैसे यायला इतके महिने लागले की पुन्हा विचारायला जायचीही लाज वाटू लागली. तसं या बायकांच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही.

आणि एक मनातली भीती. तीस दुपटी एकाच गुलाबी-आकाशी रंगात शिवली की हाताची मजा जाईल का?

दोरा_सुई, कळवा

ताई, वाचून फार बरं वाटलं. आम्ही सहा जणी पिशव्या आणि दुपटी करतो, आणि हाच पेच आम्हालाही पडला होता. आम्ही नग सोडला, तासही सोडला, आणि मजुरी टाक्याच्या लांबीवर धरली. मीटरवर.

हिशेब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी, भागिले दोन ओळींमधलं अंतर. तुमचं दुपटं ३६ बाय ४२, म्हणजे १,५१२ चौरस इंच. अर्ध्या इंचावर ओळ घेतली तर ३,०२४ इंच, म्हणजे जवळजवळ ७७ मीटर धावदोरा. एक इंचावर घेतली तर निम्मा, ३८ मीटरच्या आसपास. मावशींसारखं चौकोनात चौकोन शिवा नाहीतर सरळ उभ्या ओळी घाला, एकूण लांबी साधारण तेवढीच भरते. आमच्याकडे मीटरला सात रुपये आहेत, म्हणजे दाट दुपट्याची हातशिलाई ५४० च्या आसपास आणि विरळची २७०. तुमचा दर तुम्ही पाची जणी बसून ठरवा, पण सगळ्यांसमोर ठरवा.

याचा खरा फायदा गिऱ्हाइकाशी बोलताना होतो. ‘जरा कमी करा ना’ म्हटलं की आम्ही मजुरी कमी करत नाही, ओळी कमी करतो. दोन्ही नमुने समोर ठेवायचे, दाट आणि विरळ, दोन्हीचे भाव वेगळे. बाई हात फिरवून बघते आणि बहुतेक वेळा दाटच घेते.

दर ज्या टाक्यावर ठरला तो टाका मात्र बांधून घ्या. आम्ही वरच्या बाजूला इंचाला किमान चार दिसलेच पाहिजेत असं म्हणतो. बाळाच्या अंगाखालची वस्तू आहे, लांब टाक्यात पायाचं बोट अडकतं. बारा इंचाचा एक चौकोन प्रत्येकीकडून शिवून घ्या आणि ते तुकडे एका पिशवीत जपून ठेवा. पुढे कधी वाद झालाच तर पिशवी उघडायची.

एक दुपटं एकाच हाताचं ठेवा. अर्धं एकीने, अर्धं दुसरीने असं करू नका. एकीचा दोरा ताणलेला, दुसरीचा सैल, आणि धुतल्यावर एक बाजू आखडते.

वाकळवेडी, कोपरखैरणे

किती नेमकं सांगितलंत! मीटरची गोष्ट मी आज दुपारीच काढली. मावशी म्हणाल्या, ‘आम्ही बोटभर अंतर धरतो.’ त्यांचं बोट पट्टीवर लावून पाहिलं, पाऊण इंच भरलं. म्हणजे दुपट्याला ५१ मीटर. अर्धा आणि एकच्या बरोबर मधलं माप, आणि तेच आम्ही नेहमीचं म्हणून धरणार आहोत. आपल्या बोटाचं माप सगळ्यांचं माप झालं म्हणून त्या खूश झाल्या.

आता पैशाच्या कागदपत्रांचं कुणी सांगेल का?

निवृत्त_बँकवाला, नौपाडा

सांगतो. नोकरीत असताना गटांची खाती मी पुष्कळ हाताळली आहेत.

आधी बचत गटाबद्दल. त्याचा पाया बचत आणि अंतर्गत कर्ज हा आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि चोख हिशेब, ही त्याची पंचसूत्री. दहा ते वीस जणी लागतात. तुम्ही पाच आहात, आणि तुमची गरज कामाची आहे, कर्जाची नाही. ज्या दोघी आधीच गटात आहेत त्यांना तिथेच राहू द्या, त्यांची तिथली पत मोडू नका. तुमचं काम वेगळं चालू दे. पुढे बायका वाढल्या तर महापालिकेच्या समाजविकास विभागात किंवा माविमकडे, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाकडे चौकशी करा. हे महामंडळ १९७५ पासून आहे.

सध्या एकच करा. तुमच्या नावावर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद. १ जुलै २०२० पासून ही पद्धत आहे, आधार आणि पॅन क्रमांकावर सरकारी पोर्टलवर होते, आणि पूर्णपणे मोफत आहे. पैसे घेऊन करून देणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. वस्तू विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि विक्री महाराष्ट्रातच असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन मंचावरूनही १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय आपल्या राज्यात माल विकता येतो. राज्याबाहेर पाठवायची वेळ आली की मात्र आधी सीएला भेटा.

आता त्या दुकानाचं. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार असेल तर करारातली मुदत, पण तीसुद्धा ४५ दिवसांच्या पुढे नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. ‘विकलं की पैसे’ या बोलीत मात्र माल स्वीकारला कधी हेच सिद्ध होत नाही, म्हणून तुमचा हात दगडाखाली राहतो. ठाण्याच्या ताई कितीही चांगल्या असोत, बिल करा, तारीख घाला, त्यांची सही घ्या. निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि त्यातून कापड आणा, स्वतःच्या गाठीचे घालू नका.

हिशेबाची वही एकच असू द्या आणि ती तुमच्या कपाटात नको, हॉलमध्ये सगळ्यांच्या हाताला लागेल अशी ठेवा. कुणी किती मीटर शिवले, किती पैसे मिळाले, आणि ज्या त्या बाईची सही. यातली कुणी पुढे स्वतःची नोंदणी करायची म्हणाली तर अडवू नका, मदत करा. शिवणकाम करणाऱ्यांसाठी पीएम विश्वकर्मा योजनेत दर्जी हा व्यवसाय धरलेला आहे. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, हे आधी विचारून घ्या.

चौकट_चौकट, बेलापूर

मी तुकडेकाम शिकवते, म्हणून कापडाचं आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं बोलते.

हाताची शिलाई वाटून द्या, पण तुकडे जोडायचं काम एकीकडेच आणि एकाच मशीनवर ठेवा. आपण पाव इंच शिवण सोडतो. ओळीत आठ तुकडे असले तर सात जोड येतात. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर कमी-जास्त झालं की ओळीत १४ मिलिमीटरचा फरक पडतो आणि कोपरे जुळायचे राहतात. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर जाड चिकटपट्टी लावा, कापडाची कड तिला टेकवून चालवा.

नवीन सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापा. लाल, गडद निळा आणि काळा रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, फडक्याला रंग लागला तर दुपट्यात घेऊ नका. जरीचं काहीही बाळासाठी नको. मधलं पातळ उजेडात धरून बघा. विरलेलं असेल तर दोन-चार धुण्यांत आतल्या आत फाटतं आणि गोळे होतात. कापड उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून पाच जणींचं मिळून आणलंत तर भाव करता येतो, आणि मुख्य म्हणजे सगळ्या दुपट्यांना एकाच ताग्याचं अस्तर मिळतं. पावसाळ्यात तयार माल प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीचे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. जुन्या सुती चादरीत गुंडाळा.

तुमच्या मावशींची काठाकडून आत जायची रीत फार मोलाची आहे. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच शिवतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. मावशींचे हात चालताना नीट व्हिडिओ काढून ठेवा.

आता मजेचं. अमेरिकेत अलाबामा राज्यात १९६६ मध्ये कृष्णवर्णीय बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली. शेतमजुरीपलीकडे हातात रोख पैसा यावा म्हणून. गीज बेंड हे तिथलंच जवळचं गाव. १९७२ मध्ये त्यांना सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीचं काम मिळालं, कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे. सगळे एका मापाचे, ठरलेल्या रंगांचे. पण उरलेलं कॉर्डरॉय बायका घरी घेऊन गेल्या आणि त्यातून आपल्या मनाच्या गोधड्या शिवल्या. गीज बेंडच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. सिअर्सच्या ऑर्डरमधून उरलेल्या कापडातल्या गोधड्याही आज त्यांच्या नावाजलेल्या कामात धरल्या जातात.

तेव्हा तुमच्या तीस दुपट्यांतून उरलेल्या कापडाची मालकी आधीच ठरवा. ज्या बाईने जे दुपटं शिवलं, त्याच्या चिंध्या तिच्या, आणि त्यांचं काय करायचं ते तिचं तिने ठरवायचं. बेलापूरला सिडकोच्या अर्बन हाटमध्ये हस्तकलेची प्रदर्शनं भरतात. तिथे मांडायचं झालं तर या गोधड्या मांडा, ऑर्डरची दुपटी नकोत.

वाकळवेडी, कोपरखैरणे

तिघांचेही मनापासून आभार. चिंध्यांचं ऐकून आमच्यातल्या सर्वांत लहान सुनेने लगेच विचारलं की मग तिला पिवळे तुकडे जास्त मिळतील असं दुपटं देणार का. देणार.

ठाण्याच्या ताईंशी फोनवर बोलले. निम्मे आगाऊ द्यायला त्या तयार आहेत. त्यांना पाऊण इंच आणि एक इंच, असे दोन्ही नमुने दाखवायचे ठरलंय. दर उद्या पाची जणी बसून ठरवू. उद्यम नोंदणी या आठवड्यात करते. कोपरखैरणे, घणसोली भागात हाताने वाकळ शिवणाऱ्या कुणी असाल आणि दुपारी वेळ असेल, तर इथे लिहा. येताना आपल्या हातचा बारा इंचाचा एक चौकोन आणा, पिशवीत ठेवायला.