‘व्हल्नरेबल’ला मराठीत काय म्हणाल?

दादरचा मुद्रितशोधक: ऑफिसातल्या एका कार्यशाळेचं पत्रक मराठीत करायला माझ्याकडे आलंय. त्यात व्हल्नरेबल व्हा, म्हणजे आपली दुखरी बाजू लपवू नका, असं आहे. आधीच्या खर्ड्यात त्याचं होतं, ‘असुरक्षित होण्याचं धाडस करा’. विरारहून येणारा सहकारी वाचून म्हणाला, “ते मी रोज सकाळी दारात लटकून करतोच.” खर्डा तिथेच बाद!

व्हल्नरेबलच्या मुळाशी लॅटिनमधली जखम आहे. ज्याला जखम होऊ शकते तो. ‘हळवा’ म्हणावं, तर हळवा माणूस नुसता दुखावतो, त्यात धाडस कुठलं? ‘संवेदनशील’ तर आता मतदान केंद्रांना बहाल झालाय.

माझा कल ‘वर्म’कडे. वर्मावर बोट ठेवणं, वर्मी लागणं. गंमत अशी की संस्कृतात वर्मन् म्हणजे चिलखत, आणि आपल्याकडे वर्म म्हणजे नेमकी चिलखत हवं ती जागा! अडचण एवढीच, की या सगळ्या प्रयोगांत बोट दुसऱ्याचं असतं. आपलं वर्म आपणच दाखवायचं, त्याला क्रियापद काय?

गिरगावकर: चिलखताचा संबंध नसावा. ‘मर्म’चंच ‘वर्म’ झालं असेल. आणि क्रियापद हवंय कशाला? ‘मन मोकळं करणं’ आहे की.

मुलुंडची: मन आपण हक्काच्या माणसापाशी मोकळं करतो, काका. तिथे जोखीम कसली?

मी ‘भीड’ म्हणेन. मी बोलताना अडखळते, आणि राहते कुठे, तर ‘म’ने सुरू होणाऱ्या गावात. रिक्षावाल्याला ठिकाण सांगायच्या भीतीने कित्येक वर्षं स्टेशनवरून चालत घरी गेले. मग एकदा ऑफिसातल्या सादरीकरणात पहिलंच वाक्य बोलले, “मी अडखळते, जरा थांबावं लागेल.” ते वाक्यही अडखळतच आलं. लोक थांबले. एक जण मोबाइल बघत बसला, तोही थांबलाच म्हणायचा. पुढच्या खेपेला थोडं सोपं गेलं, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी थोडं. याला माझी आई म्हणते, ‘भीड चेपली’.

‘चेपणे’ हे क्रियापद मला फार आवडतं. भीड एका झटक्यात जात नाही, गादीतल्या कापसासारखी बसत बसत जाते. ‘भीड मोडणे’ निराळं, तिथे दुसऱ्याची मुरवत राखायची नसते. (‘भीड भिकेची बहीण’ मधली भीडही तीच मुरवतीची.) हे सगळं एका हिंदीभाषक मैत्रिणीला सांगितलं, तर तिला वाटलं मी दादरच्या गर्दीत चेपले गेले.

गिरगावकर: पटलं. पण भीड चेपल्यावर माणूस निर्ढावतो, हेही खरं. तुम्ही पहिल्या दिवशी केलंत त्याला अजून शब्द नाहीच.

मुलुंडची: नाही. त्या दिवशी भीड होती तेवढीच होती. भीड असतानाच बोलले.

दादरचा मुद्रितशोधक: हेच घेतो! ‘भीड असतानाच बोलू या.’ आता ‘कम्फर्ट झोन’ राहिला. ‘चाकोरी’ चालेल?

गिरगावकर: चाकोरी गाडीच्या चाकांनी पडते. तिच्यातून जाणाऱ्या बैलाला कसला आलाय आराम? ‘ऊब’ म्हणा. पावसाळ्यात पहाटे पांघरूण टाकवत नाही, ती ऊब. बाकी, तुम्ही स्वतः बसणार का या कार्यशाळेला?

दादरचा मुद्रितशोधक: छे हो, माझ्याकडे फक्त पत्रक आहे.