छापून आलेली चूक आणि आपण : तुमचे अनुभव सांगा

परवा पेपरात आमच्या नात्यातल्या एका काकांच्या निधनाची जाहिरात होती. 'भावपुर्ण श्रद्धांजली'. घरात सगळे गप्प बसलेले आणि माझी नजर त्या 'पु'वरून हलेना. लाज वाटली, पण इलाज नाही. हे दुखणं ज्यांना ज्यांना आहे त्यांनी लिहा : चूक कुठे दिसली, सांगायला गेलात का, पुढे काय झालं? छापणाऱ्याचं नाव मात्र नको.

जुना जुळारी
ट्रेडलच्या, म्हणजे पायानं चालवायच्या यंत्राच्या छापखान्यात ३० वर्षं काढली. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, उलटे लावायचे, त्यामुळे आरशातलं अजूनही सरळ वाचता येतं. तुम्ही आता स्वल्पविराम सहज टाकता. आमच्याकडे प्रूफात एक वाढला की ओळ सोडवायची, शब्दांमधली जागा कमी करायची, तरी मावला नाही तर शेवटचा शब्द खाली ढकलायचा. मग त्या ओळीतला तिच्या खाली. परिच्छेद संपेपर्यंत हा लोंढा. एका गुरुजींनी अगदी शेवटच्या प्रूफात ११ स्वल्पविराम वाढवले. मालक म्हणाले, "गुरुजी, ४ ठेवा, ७ माघारी घ्या." गुरुजींनी बाकड्यावर बसून खरंच ७ काढले. ते पुस्तक आहे माझ्याकडे. वाचताना कुठे अडत नाही.

मोडीवाली
काका, मोडीतल्या जुन्या पत्रांत दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत, स्वल्पविराम तर लांबच. ही चिन्हं मराठीत रुजवली एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज कोशकारांनी. तुमच्या मालकांची तक्रार त्यांच्याकडे पाठवायला हवी होती.

अमरावतीकर
माझी पहिली कथा दिवाळी अंकात आली. आजी नातवंडांना म्हणते, "पोट्टेहो, पानी भरून ठेवा नं." छापून आलं, "मुलांनो, पाणी भरून ठेवा ना." माझी आजी एका रात्रीत सदाशिव पेठेत राहायला गेली. फोन केला तर तपासणारे गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, 'ण'च्या जागी 'न' पडला होता तुमचा." आमच्याकडे तो पडत नाही हो, तसाच उगवतो. आता हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहितो : अवतरणचिन्हांच्या आत हात घालू नये.

बदलापूर लोकल
बातम्यांच्या पट्टीवर 'ग्रहमंत्री'. बाबा म्हणाले, शनी असेल.

मुद्रितशोधक, निवृत्त नाही
मी उलट बाजूनं सांगते. वकील–वकिलाला, गरीब–गरिबाला, चूक–चुकीला. ही गाडी रुळावर लागली की थांबत नाही. त्या भरात एका आरोग्यविषयक पुस्तकात 'शरीराला', 'शरीरात' दिसेल तिथे 'शरि' करून टाकलं. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असला की उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला ई-ऊ सामान्यरूपातही, म्हणजे प्रत्यय लागतानाही दीर्घच राहतो, हा नियम मला पाठ होता. 'फाइंड-रिप्लेस'ला नव्हता. पुस्तक छापून आलं, ६३ ठिकाणी शरीर बिघडलेलं. लेखक डॉक्टर. म्हणाले, "आमच्या हातून एवढं झालं असतं तर कोर्टात उभं केलं असतं." शुद्धिपत्राची चिठ्ठी प्रत्येक प्रतीत मी स्वतःच्या हातानं चिकटवली.

सोसायटीचा खजिनदार
गणेशोत्सवाचा छापील हिशेब : 'आचार्यांचे मानधन रु. १२,०००'. सभेत एक आजोबा उठले, "प्रवचन कधी झालं? मला कुणी बोलावलं नाही." मोबाइलवर तो ऱ्य मला सापडेना, म्हणून आचाऱ्यांचे आचार्य झाले. पुरणपोळ्या केल्या होत्या बिचाऱ्यांनी.

न्यू जर्सीहून
आमच्या मंडळाच्या अंकाचा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला. त्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप करायचे आणि बदलताना तो तसाच मागे राहिला. सबंध अंकभर 'सवर्', 'कायर्क्रम'. छापायच्या आदल्या रात्री आम्ही चौघं एकेक रफार उचलून जागेवर ठेवत होतो. पहाटेपर्यंत मला बाहेरच्या पाट्यांवरही रफार दिसायला लागले.

पोळी-भाजी केंद्र
दुकानाच्या पाटीवर पेंटरनं लिहिलं : 'शुद्ध' शाकाहारी. शुद्धला अवतरण! म्हणजे म्हणायला शुद्ध. काढा म्हटलं, तर म्हणाला, "राहू द्या ताई, डिझाइन आहे, त्याचे पैसे नाही लावले." एका गिऱ्हाइकानं हसत विचारलं, "नक्की ना?" त्याच दुपारी थिनर आणून मीच पुसलं. डाग राहिला आहे.

वाचनालयातला
माझा किस्सा दुसऱ्यांच्या चुकांचा. वाचनालयात एक जुनी कादंबरी मिळाली, १९३० च्या आसपासची. 'घरें', 'त्यांनीं', 'नांव'. कुणीतरी प्रत्येक अनुस्वारावर पेन्सिलीनं काट मारलेली. पहिली ४० पानं एकही सोडला नाही. मग समासात निळ्या शाईत दुसरा हात : "महोदय, हे अनुस्वार नियमाप्रमाणे गेले ते १९६२ साली. लेखकास कसे ठाऊक असावे?" पेन्सिल तिथेच थांबली होती. पान उलटलं तर तिसरा हात, लाल बॉलपेन : "ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहु नये."

माझ्या खिशात पेन्सिल होती. त्या 'हु'पाशी टेकवलीही. ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत होत्या.